मोफत आणि सवलतीची व्यावसायिक सेवा (खानदेश)

वकील, डॉक्टर, चार्टर्ड अकाउंटंट, अभियंता, शिक्षक अशा ज्याचे पोट शिकलेल्या विद्येवर चालते, त्याने तीच विद्या गरजू माणसासाठी फी न घेता किंवा कमी फीत वापरण्याची पद्धत. वकिलीत तिला ‘प्रो बोनो’ म्हणतात. मूळ लॅटिन ‘प्रो बोनो पब्लिको’, म्हणजे लोकहितासाठी. सरकारी कागदात ती ‘विनामूल्य’ किंवा ‘निःशुल्क’ असते, शिबिराच्या फलकावर ‘मोफत’. खानदेशात, म्हणजे जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांत, प्रत्यक्ष व्यवहारात मात्र यांतला एकही शब्द फारसा कानावर पडत नाही. उठता उठता पेशंट किंवा पक्षकार अहिराणीत ‘कितला पैसा लागतीन?’ असे विचारतो आणि समोरून ‘राहू द्या, बघू नंतर’ एवढेच उत्तर येते. ते ‘नंतर’ उजाडणार नाही, हे दोघांनाही ठाऊक असते. ‘फुकट’ म्हटले की घेणाऱ्याची मान खाली जाते. उधारीत ती ताठ राहते.

व्याप्ती

दान, समाजकार्य आणि ही सेवा यांची नेहमी गल्लत होते. धुळ्याचे वकील शंकर श्रीकृष्ण देव यांनी समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते जमवली आणि त्यांतून समर्थ वाग्देवता मंदिर उभे राहिले. काम मोठे, पण ते वकिलीचे काम नव्हे. आयआयटीत शिकलेले अभियंते कुमार शिराळकर १९७०च्या दशकात शहादा भागातील शेतमजूर व आदिवासींच्या चळवळीत आले आणि तिथलेच झाले. त्यांनी व्यवसायच सोडला, म्हणून तेही या नोंदीच्या कक्षेबाहेर राहतात. कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५नुसार मोठ्या कंपन्या नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करतात. तो पैसा आहे, कसब नव्हे. सरकारी दवाखान्यातला डॉक्टर पगारावर तपासतो, तेव्हा पेशंटला फी पडत नाही, पण डॉक्टरानेही काही सोडलेले नसते.

या सेवेची खूण साधी आहे. दुकान चालू असते, गल्ल्यावर माणूस बसलेला असतो, आणि तरीही एखाद्या गिऱ्हाइकाकडून पैसे घेतले जात नाहीत.

तिचे मूळ बलुतेदारीत शोधण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. बलुते म्हणजे मोफत काम नव्हते. सुतार, लोहार, न्हावी वर्षभर राबत आणि सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा नेत; मोबदला उशिरा येई, पण ठरलेला असे आणि जातीने बांधलेला असे. त्यापेक्षा जवळचा धागा कावीळ किंवा विंचवावर गावठी औषध देणाऱ्यांचा. पैसे घेतले तर औषधाला गुण येत नाही, ही समजूत घट्ट. देणारा फार तर नारळ घेतो. त्या औषधांची भलामण येथे करायची नाही, काविळीत आठवडा वाया घालवणे जिवावर बेतू शकते. पण विद्येचा सौदा करू नये ही धारणा पदवीधर डॉक्टरांच्या जुन्या पिढीतही दिसते. त्यांच्या टेबलावर फीचा बोर्ड नसे आणि पेशंट खिशातून काढील ते ड्रॉवरमध्ये न मोजता जाई.

वकील आणि कायदेशीर मदत

याबाबत लेखी नियम सर्वांत जास्त वकिलीतच आहेत. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतला ४६वा नियम सांगतो की ज्याला वकिलाची खरी गरज आहे, त्याला पूर्ण किंवा पुरेशी फी देता आली नाही तरी मदत मिळाली पाहिजे, आणि गरीब व पिळलेल्या माणसाला मोफत मदत करणे हे वकिलाच्या समाजाप्रती असलेल्या सर्वोच्च कर्तव्यांपैकी एक आहे. नियमात एक पळवाट म्हणा किंवा शहाणपण म्हणा, ठेवलेले आहे: हे सगळे ‘वकिलाच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’. अमेरिकन बार असोसिएशनच्या आदर्श नियमात वर्षाला ५० तासांचे लक्ष्य आहे. आपल्याकडे तासांचा आकडा नाही. तालुका कोर्टात सनद घेऊन दोन वर्षे झालेला ज्युनिअर, ज्याची स्वतःचीच फी तारखेमागे तारीख थकलेली असते, त्याच्यासाठी ही कुवत किती धरायची, हा प्रश्न मोकळाच राहतो.

व्यक्तीच्या मनावर सोडलेल्या या कर्तव्याशेजारी राज्याची व्यवस्था हळूहळू उभी राहिली. १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीने गरिबाला मोफत कायदेशीर मदत देण्याची जबाबदारी राज्यावर टाकणारा अनुच्छेद ३९-अ आला. १९७८ साली हॉस्कॉट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गरीब कैद्याला वकील पुरवणे हा न्याय्य प्रक्रियेचाच भाग ठरवला. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७चा. तो ९ नोव्हेंबर १९९५ रोजी अमलात आला, म्हणून ९ नोव्हेंबर हा विधी सेवा दिन. तालुक्याला विधी सेवा समिती, जिल्ह्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण अशी रचना आहे आणि कार्यालय कोर्टाच्या आवारातच असते. दूरध्वनी १५१००. प्रकरण उच्च न्यायालयात गेले तर खानदेशचे तिन्ही जिल्हे औरंगाबाद खंडपीठाच्या अखत्यारीत येतात आणि तिथे वेगळी उपसमिती आहे.

अधिनियमाचे कलम १२ खानदेशच्या दृष्टीने नीट वाचण्यासारखे आहे. अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, कोणतीही स्त्री, बालक, दिव्यांग, कोठडीतील माणूस, औद्योगिक कामगार, पूर-दुष्काळासारख्या आपत्तीत सापडलेला, यांना उत्पन्नाची अट नाही. ती फक्त उरलेल्यांना आहे. नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी (धडगाव) आणि अक्कलकुवा तालुक्यांत भिल्ल, पावरा अशा आदिवासींचीच वस्ती प्रामुख्याने आहे. म्हणजे कागदावर जवळजवळ अख्खा तालुका मोफत वकिलाला पात्र आहे. जळगावच्या सुखवस्तू घरातून पोटगीसाठी आलेली बाईही पात्र आहे. तिला हे सांगितले तर ती आधी विश्वास ठेवत नाही, ‘गरिबांचं आहे ना ते?’ असे विचारते.

प्राधिकरणाच्या यादीवरचा, म्हणजे ‘पॅनेलवरचा’, वकील शासनाकडून मानधन घेतो आणि पक्षकाराकडून काही घेऊ शकत नाही. काटेकोर अर्थाने हे प्रो बोनो नव्हे: पक्षकाराला मोफत, वकिलाला कमी दरात. मानधन बाजारभावापेक्षा कमी असल्याने ‘फुकटचा वकील लक्ष घालत नाही’ हा ग्रह पक्का झालेला आहे. तो सरसकट खरा नाही. मात्र माणूस शेळी विकून खासगी वकील करतो आणि मग मनाशी म्हणतो की आता केस नीट चालेल, हे पाहिले की फी ही विश्वासाची पावतीही असते हे कळते. २०२२पासून फौजदारी बचावासाठी पूर्णवेळ वकील नेमण्याची पद्धत सुरू झाली, तिच्यामागे हाही विचार आहे. केंद्राच्या विधी व न्याय मंत्रालयाचा ‘न्याय बंधू’ उपक्रम (२०१७) हा मात्र खऱ्या अर्थाने विनामोबदला काम करू इच्छिणाऱ्या वकिलांची नोंद ठेवतो.

‘जिंकलो तर द्या’ हा सवलतीचा प्रकार भारतीय वकिलाला निषिद्ध आहे. बार कौन्सिलच्या नियमांनुसार निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही, मिळणाऱ्या रकमेत वाटाही घेता येत नाही. अपघाताची भरपाई किंवा धरणात गेलेल्या जमिनीचा वाढीव मोबदला, अशा केसेसमध्ये पक्षकाराकडे सुरुवातीला काहीच नसते, तिथे हा नियम दोन्ही बाजूंनी जाचतो. निर्धन व्यक्तीचा दावा कोर्ट फीशिवाय दाखल करण्याची सोय दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३३मध्ये आहे. लोकअदालतीत तडजोड झाली तर भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि निवाड्यावर अपील नसते.

एके ठिकाणी तर कायद्यानेच वकिलाला दाराबाहेर ठेवले. बिगर आदिवासींकडे गेलेल्या आदिवासी जमिनी परत करण्यासाठी महाराष्ट्राने १९७४चा अधिनियम केला आणि त्याच्या कलम ९-अने या कारवाईत वकील उभा करण्यास मनाई केली. सावकाराला तगडा वकील परवडतो, आदिवासीला नाही. म्हणून दोघांनाही नको. सर्वोच्च न्यायालयाने लिंगप्पा पोचन्ना अप्पेलवार प्रकरणात ही तरतूद वैध ठरवली. तिथे गरज वकीलपत्राची नव्हती. सातबारा, फेरफार, जुनी खरेदीखते लावून अर्ज लिहून देणाऱ्या माणसाची होती, आणि हे काम शिक्षक, कार्यकर्ते, कधी निवृत्त तलाठी यांच्याकडे आले. २००६च्या वनहक्क कायद्यातही तेच झाले. १३ डिसेंबर २००५पूर्वीपासून जमीन कसत असल्याचे पुरावे ग्रामसभेपुढे मांडायचे, तर फाईल कोणीतरी जुळवावी लागते.

डॉक्टर

वैद्यकीय व्यवसायाच्या २००२च्या नियमावलीत एक गंमत आहे. विनामूल्य सेवा आनंदाने द्यावी असे तिच्यात स्पष्ट लिहिले आहे, पण ते सहकारी डॉक्टर आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या बाबतीत. गरीब पेशंटची फी सोडणे हा शिरस्ता आहे. तो शिरस्ताच राहिला. ‘गुण आला तरच पैसे’ असा करार करणे डॉक्टरलाही अनैतिक ठरवलेले आहे.

सवलतीची रीत बहुधा तपासणी फीपासून सुरू होते आणि औषधापाशी अडते. ओळखीच्या केमिस्टच्या नावे चिठ्ठी, कंपनीच्या सॅम्पलच्या गोळ्या, ‘ही सोनोग्राफी माझं नाव सांगून करा’ असा निरोप, याच वाटांनी ती पुढे जाते. ही साखळी ओळखीवर चालते. आडनाव, गाव, ‘तुम्ही अमक्याचे कोण?’ या प्रश्नांतून डॉक्टर माणसाला जोखतो. सावदा-फैजपूरच्या केळी बागायतदाराला वाईट वर्षी सवलत सहज मिळते, कारण तो गेली वीस वर्षे डोळ्यांसमोर आहे. त्याच्या बागेत घड वाहणाऱ्या, सातपुड्यातून आलेल्या सालदाराला ‘कोण?’ या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही.

धर्मादाय रुग्णालयांना सवलत मनावर सोडलेली नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१-अअखाली, मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार, त्यांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखायच्या असतात. एकूण बिलाच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जाते. खाट मिळवण्यासाठी उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड लागते, आणि रात्री अकराला पेशंट आला तर तहसील कार्यालय बंद असते.

राज्याच्या विमा योजनेने चित्र बदलले. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत धुळे होता. २०१७पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाते. पूर्वी गरिबाचे मोठे ऑपरेशन करायचे तर सर्जन स्वतःची फी सोडी आणि इम्प्लांटसाठी गावात वर्गणी निघे. आता आधी ‘कार्ड आहे का?’ हा प्रश्न येतो. पेशंटचे भले झाले यात शंका नाही. पण योजनेच्या यादीत न बसणारा आजार घेऊन आलेल्या माणसाला फी सोडण्याची जुनी सवय पहिल्याइतकी कामी येत नाही, असे या लेखकाचे मत आहे.

मोतीबिंदू व इतर शिबिरे हा आणखी एक प्रकार. पूर्वी शाळेच्या वर्गांतच ऑपरेशने होत. जंतुसंसर्गाच्या धोक्यामुळे आता गावात फक्त तपासणी होते आणि ऑपरेशनसाठी पेशंटला रुग्णालयात नेतात. फ्लेक्सवर डॉक्टरपेक्षा पुढाऱ्याचा फोटो मोठा असतो. डॉक्टर आणि वकील, दोघांनाही व्यवसायाची जाहिरात करण्यास बंदी आहे, त्यामुळे फलकावरचे त्यांचे छोटे फोटो नियमात बसतात की नाही हे बघणाऱ्याच्या नजरेवर आहे.

इतर व्यवसाय

चार्टर्ड अकाउंटंट संस्थांचे हिशेब, धर्मादाय आयुक्तांकडची ऑडिट, आयकर सवलतीसाठीच्या नोंदण्या कमी फीत करून देतात. बचत गटांना किर्दखतावणी शिकवणेही त्यात येते. शिक्षकांत गरीब मुलांची क्लासची फी माफ करणे इतके रुळलेले आहे की त्याची वेगळी नोंद कोणी ठेवत नाही. जळगावच्या दीपस्तंभ फाउंडेशनचा ‘मनोबल’ प्रकल्प दिव्यांग व अनाथ विद्यार्थ्यांना स्पर्धा परीक्षांसाठी तयार करतो, हे त्याचे संस्थारूप. अभियंते आणि वास्तुविशारद मंदिर, समाजमंदिर, शाळाखोलीचे नकाशे फुकट काढून देतात, घरकुलाचा नकाशा मात्र क्वचित. पशुवैद्य अडलेली गाय सोडवून पेट्रोलपुरते घेतो.

फीपलीकडचा खर्च

फी माफ झाली तरी खर्च संपत नाही. १९९८ साली नंदुरबार जिल्हा वेगळा होईपर्यंत धडगावच्या माणसाला जिल्ह्याच्या कामासाठी धुळे गाठावे लागे. आता नंदुरबार जवळ आले, पण पाड्यावरून खाली उतरायचे, जीप किंवा एसटी धरायची, प्रतिज्ञापत्र, झेरॉक्स, तिकिटे, आणि वकील मोफत असला तरी त्या दिवसाची मजुरी बुडालेलीच. तारीख पडली की तेच पुन्हा. सरदार सरोवरात महाराष्ट्रातली ३३ गावे बाधित झाली, ती सगळी अक्राणी आणि अक्कलकुवा याच दोन तालुक्यांतली. पुनर्वसनाच्या कागदांसाठी त्या लोकांनी किती फेऱ्या मारल्या, याचा हिशेब कोणत्याही मानधनाच्या तक्त्यात नाही.

आणि भाषा. पावरी किंवा भिली बोलणाऱ्या बाईचे म्हणणे मराठी अर्जात उतरवणारा आश्रमशाळेचा शिक्षक, दवाखान्यात सोबत येणारी आशा ताई, हे या साखळीतले सर्वांत गरजेचे आणि सर्वांत कमी मोजले गेलेले व्यावसायिक. दुभाष्याचे काम त्यांच्या पदाच्या वर्णनात नसते. तरी तेच मोफत वकिलाला पक्षकाराशी जोडून देतात.

परतफेड होते ती वस्तूंत. सुगीनंतर वकिलाच्या ओट्यावर दादर ज्वारीची पायली, डॉक्टरच्या दारात केळीचा घड, नंदुरबारकडून लाल मिरचीची पिशवी. ठेवणारा बेल न वाजवता निघून जातो. खासगी वकील ती घरात घेतो. पॅनेलवरच्या वकिलाने पक्षकाराकडून काहीही घ्यायचे नसते. तो पायली परत द्यायला निघाला तर ज्याला द्यायची तो एव्हाना पाड्याच्या जीपमध्ये बसलेला असतो.