अर्ध्या सेकंदाचं वाचन आणि डब्यातला खरवस

अमेरिकन फुटबॉलमध्ये लाइनबॅकर बचावाच्या दुसऱ्या फळीत, चेंडूपासून चार-पाच यार्ड मागे उभा राहतो. लोकांना त्याची धडक दिसते, पण त्याचं खरं काम त्याआधी अर्ध्या सेकंदात उरकलेलं असतं. डाव धावेचा (चेंडू घेऊन पळण्याचा) की पासचा (चेंडू फेकण्याचा), हे त्याला तेवढ्यात ओळखावं लागतं.

बचावातल्या एकाच खेळाडूच्या हेल्मेटवर हिरवा ठिपका असतो आणि आत स्पीकर. हा मान बहुधा मधल्या लाइनबॅकरचा. पुढचा डाव सुरू करण्याच्या घड्याळात 15 सेकंद उरले की प्रशिक्षकाचा आवाज बंद होतो, आणि मग सगळी भिस्त डोळ्यांवर. समोरच्या लाइनमनने, म्हणजे आक्रमणाच्या पहिल्या फळीतल्या खेळाडूने, जमिनीवर टेकलेल्या हाताची पेरं पांढरी पडली असतील, तर भार पुढे आहे. बहुधा धावेचा डाव. चेंडू सुटल्यावर, म्हणजे डाव सुरू होताच, त्याचं डोकं खालीच राहून पुढे आलं तरी धावच; डोकं वर आलं आणि पाय मागे सरकले, तर पास. गार्ड (याच फळीतला एक लाइनमन) जागा सोडून आडवा पळाला तर डाव बहुतेक त्याच बाजूला जातो. फसगतही इथेच होते. क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा खेळाडू, चेंडू धावपटूच्या हाती देतोय असं नुसतं भासवतो, लाइनबॅकर दोन पावलं पुढे येतो आणि चेंडू नेमका त्याच्या पाठीमागच्या रिकाम्या जागेत पडतो.

या वाचनात कॅरोलायना पँथर्स संघाच्या ल्यूक कीकलीचा हात धरणारे फार थोडे. 2012च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, तो नवव्या क्रमांकावर निवडला गेला आणि दुसऱ्याच वर्षी एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. समोरच्या संघाचा डाव तो चेंडू सुटण्याआधीच ओरडून साथीदारांना सांगायचा.

वाचन झालं की धडक. 100 किलोचा धावपटू सेकंदाला 6 मीटर वेगाने येतोय आणि त्याला 0.2 सेकंदात थांबवायचंय, तर सरासरी 3,000 न्यूटन बल लागतं, म्हणजे त्याच्या वजनाच्या तिप्पट. पद्धत ठरलेली: नजर वर, खांदा त्याच्या पोटाशी, हातांची मिठी आणि पाय चालूच. डोकं खाली घातलं की मानेचा नैसर्गिक बाक सरळ होतो आणि सगळा भार थेट मणक्यांवर येतो. डोकं खाली घालून धडक मारण्यावर एनएफएलने 2018 मध्ये दंड लावला तो म्हणूनच.

हेल्मेट कवटी फुटू देत नाही. मेंदूला मात्र ते पुरतं वाचवू शकत नाही. डब्यात खरवस ठेवून डबा झटक्याने फिरवा: डब्याला पोचाही येत नाही, आतल्या वडीला मात्र चिरा जातात. मेंदू तितकाच मऊ. सरळ धक्क्यापेक्षा डोकं गर्रकन वळणं जास्त घातक, कारण त्यात चेतापेशींचे लांब तंतू ताणले जातात. पेशींतलं पोटॅशियम बाहेर पडतं, कॅल्शियम आत शिरतं, आणि हा तोल सावरण्यात त्यांची ऊर्जा खर्ची पडते. ही तूट भरण्याआधी दुसरा मार बसला तर नुकसान कितीतरी वाढतं. म्हणून खेळाडूला पाच टप्प्यांतून परत आणतात: विश्रांती, सायकलसारखा हलका व्यायाम, खेळाचा व्यायाम, धडकेविना सराव, मग पूर्ण सराव. शेवटी संघाबाहेरच्या मेंदूतज्ज्ञाची परवानगीही लागते.

कीकलीला 2015, 2016 आणि 2017 अशी सलग तीन वर्षं डोक्याला इजा झाली. 2016 मध्ये तो मैदानातच रडत होता. भावनांवरचा ताबा सुटणं हेही या दुखापतीचं लक्षण आहे, हे प्रेक्षकांना तेव्हा क्वचितच ठाऊक होतं. पुढे तो गळ्यात एक पट्टा घालू लागला. हा पट्टा मानेच्या शिरा किंचित दाबतो, कवटीत थोडं जास्त रक्त राहतं आणि मेंदू कमी हिंदकळतो, अशी त्यामागची कल्पना. पुराव्यांबद्दल तज्ज्ञांत एकमत नाही. जानेवारी 2020 मध्ये, 28व्या वर्षी, तो थांबला. खेळायची इच्छा अजून आहे, पण ते योग्य वाटत नाही, असं त्याने सांगितलं.

वीस हंगाम खेळलेला लाइनबॅकर ज्युनियर सेआउ 2012 मध्ये, 43व्या वर्षी, आत्महत्येने गेला. त्याच्या मेंदूत सीटीई हा, डोक्याला वारंवार मार बसण्याशी जोडलेला मेंदूचा आजार आढळला. या आजारात टाऊ नावाचं प्रथिन मेंदूच्या घड्यांच्या तळाशी, बारीक रक्तवाहिन्यांभोवती साचतं, आणि पक्कं निदान आजही मृत्यूनंतरच होतं. 2017च्या एका अभ्यासात एनएफएलच्या 111 खेळाडूंपैकी 110 जणांच्या मेंदूत तो सापडला. हा आकडा मात्र जपून वाचावा: लक्षणं दिसलेल्यांचेच नातेवाईक मेंदूदानाला जास्त पुढे येतात, त्यामुळे सगळ्या खेळाडूंमधलं प्रमाण यावरून काढता येत नाही.