पहिल्या सेक्टरचा ताबा : ड्युअल बूटची पार्श्वभूमी

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ न घेणारे बरेच धडधाकट लॅपटॉप अधांतरी राहिले. त्यांतले काही मालक आता लिनक्स या मोफत सिस्टिमच्या एखाद्या आवृत्तीची आयएसओ फाइल (अख्ख्या सीडीची एका फाइलमधली नक्कल) उतरवून, ती पेन ड्राइव्हवर चढवून, विंडोज न पुसता तिच्या शेजारीच दुसरी सिस्टिम बसवू पाहतात; यालाच ड्युअल बूट म्हणतात. तासाभरात काम होतं. होत नाही तेव्हा मात्र मशिन काळ्या पडद्यावर एखादी अगम्य ओळ दाखवून थांबतं, आणि त्या ओळीचं मूळ बहुतेकदा कुठल्या तरी जुन्या भांडणात सापडतं. भांडण डिस्कवरच्या जागेचं कधीच नव्हतं. मशिन सुरू झाल्यावर पहिला हुकूम कोणाचा, एवढ्यावरूनच सगळं पेटत आलं आहे.

मार्च १९८३मध्ये आयबीएमने पीसी एक्सटी आणला. त्यात १० एमबीची हार्ड डिस्क होती आणि सोबत डॉस २.० ही सिस्टिम मिळायची. त्याआधी सगळा कारभार फ्लॉपीवर, म्हणजे ज्या सिस्टिमची फ्लॉपी घालाल ती सिस्टिम सुरू. डिस्क कायमची आत बसल्यावर प्रश्न आला, कारण तेव्हा डॉस एकटी नव्हती; सीपी/एम-८६ होती, झेनिक्स होती. म्हणून डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा ठरावीक मापाचा लहान तुकडा) एक छोटा तक्ता ठेवला गेला: ४४६ बाइट सुरुवातीच्या कोडला, ६४ बाइट चार पार्टिशनांच्या, म्हणजे डिस्कच्या विभागांच्या, नोंदींना आणि शेवटचे २ बाइट खुणेचे. हा तक्ता म्हणजे डिस्कचा सातबाराच. कोणाची हद्द कुठून कुठवर, आणि चौघांपैकी सध्या वहिवाट कोणाची, सगळं त्यात. ‘अ‍ॅक्टिव्ह’ अशी खूण ज्या पार्टिशनवर, तिथून मशिन बूट व्हायचं, म्हणजे सुरू व्हायचं. एफडिस्क या डॉसच्या साधनात जाऊन खूण हलवा, मशिन परत चालू करा, दुसरी सिस्टिम हजर. चार घरांची सोय पहिल्या दिवसापासून होती, हे आज कोणी सांगितलं तरी पटत नाही.

नंतर हे काम सोपं करणाऱ्या गोष्टी आल्या. १९९२च्या ओएस/२ २.०मध्ये आयबीएमने बूट मॅनेजर दिला. मशिन चालू झालं की यादी समोर यायची. १९९३च्या विंडोज एनटीमध्ये बूट.आयएनआय नावाची साधी टेक्स्ट फाइल होती आणि तिच्यात जुन्या डॉसला एक ओळ राखून ठेवलेली असायची. आपल्याच घरातल्या जुन्या सिस्टिमशी मायक्रोसॉफ्टने नीट जुळवून घेतलं होतं. परक्यांचा प्रश्न लिनक्सपासून सुरू झाला.

लिनस टोरवाल्ड्सने ऑगस्ट १९९१मध्ये आपल्या कर्नलची, म्हणजे लिनक्स सिस्टिमच्या गाभ्याची, घोषणा केली. ते वापरून पाहणाऱ्या बहुतेकांच्या मशिनवर डॉस किंवा विंडोज आधीच होती आणि ती काढायची कोणाची तयारी नव्हती, त्यामुळे लिनक्सचं जवळपास सगळं सुरुवातीचं आयुष्य भाडेकरूचं. वेर्नर आल्म्सबर्गरने १९९२च्या सुमारास लिलो हा बूट लोडर (मशिन चालू झाल्यावर सिस्टिम उचलून सुरू करणारा छोटा प्रोग्राम) लिहिला. लिलोला फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइल मांडायची पद्धत) वाचता येत नसे; कर्नल डिस्कच्या कोणत्या सेक्टरांवर आहे हे आकडे तो पाठ करून ठेवायचा. कर्नल बदलला आणि लिलो पुन्हा चालवायला विसरलात, की पुढच्या वेळी पडद्यावर नुसतं ‘एलआय’ उमटून मशिन गप्प. कुठल्या अक्षरावर अडकलं यावरून काय बिघडलं ते ओळखायचं, अशी त्याची रीत होती. जुने लोक त्याबद्दल अजून प्रेमाने बोलतात. मला ते प्रेम कधी कळलं नाही.

डिस्क आधीच भरलेली, मग जागा कुठून आणायची? १९९३मध्ये आर्नो शेफरने फिप्स नावाचा डॉसवर चालणारा प्रोग्राम लिहिला. आतला डेटा न पुसता तो एका पार्टिशनची दोन करून द्यायचा. अट एकच, आधी डीफ्रॅग करून सगळ्या फाइल पुढच्या टोकाला सरकवायच्या. त्याच सुमारास पॉवरक्वेस्टचं पार्टिशन मॅजिक विकत मिळू लागलं. आज इन्स्टॉलरमध्ये मधली रेघ माउसने सरकवून विंडोजचं पार्टिशन लहान करतो, त्या सोयीचा पूर्वज फिप्स. विंडोज एनटीच्या एनटीएफएस या फाइल सिस्टिमच्या बाबतीत हे मोफत करता यायला मात्र त्यानंतर दहाएक वर्षं जावी लागली.

विंडोज ९५ बसवताना तिचा सेटअप पहिल्या सेक्टरमधला कोड सरळ पुसून आपला लिहायचा, विचारत नसे. तिथे लिलो असेल तर तो गेला. लिनक्स डिस्कवर सुखरूप असायची, फक्त तिच्यापर्यंत जायचा रस्ता नाहीसा व्हायचा. ‘आधी विंडोज, मग लिनक्स’ हा आजही सांगितला जाणारा नियम तिथला आहे. त्याला तांत्रिक कारण म्हणावं असं दुसरं काहीच नव्हतं. जो शेवटी लिहील त्याचा हुकूम.

पण खरी बोच समजून घ्यायची तर बीओएस या सिस्टिमकडे पाहायला हवं. अ‍ॅपलमधून बाहेर पडलेल्या जाँ-लुई गासे यांची बी ही कंपनी. १९९०च्या दशकाच्या अखेरीस त्यांची सिस्टिम इंटेलच्या मशिनवर झकास चालत होती, आणि विंडोजच्या शेजारी बसायला त्यांची ना नव्हती. जपानच्या हिताचीने फ्लोरा प्रीअस या पीसीवर दोन्ही सिस्टिम कारखान्यातूनच बसवून द्यायचं ठरवलं. मशिन बाजारात आलं तेव्हा डिस्कवर बीओएस होती, पण सुरू होताना निवड विचारणारी यादी नव्हती. ग्राहकाला विंडोजच दिसायची. पलीकडे दुसरी सिस्टिम आहे याचा पत्ताही नसे. बीचं म्हणणं असं की पीसी बनवणाऱ्यांबरोबरच्या मायक्रोसॉफ्टच्या करारातच सुरू होण्याचा क्रम बदलायला मनाई होती. २००१मध्ये बीची मालमत्ता पामने विकत घेतली. फेब्रुवारी २००२मध्ये बीने मायक्रोसॉफ्टवर दावा लावला आणि सप्टेंबर २००३मध्ये २ कोटी ३२ लाख ५० हजार डॉलरवर तडजोड झाली. मायक्रोसॉफ्टने चूक कबूल केली नाही. तोवर बीओएस संपली होती. डिस्कवर जागा होती, सिस्टिम बसवलेली होती, कमी होती ती फक्त एका यादीची.

आता आयएसओकडे. सीडीवर डेटा कसा मांडायचा हे ठरवायला नोव्हेंबर १९८५मध्ये काही कंपन्यांची माणसं लेक टाहोजवळच्या हाय सिएरा हॉटेलात जमली. त्यांच्या आराखड्यावरून १९८८मध्ये आयएसओ ९६६० हे मानक आलं. २,०४८ बाइटचे सेक्टर, आणि पहिले १६ सेक्टर, म्हणजे ३२ केबी, मुद्दाम वापराविना सोडलेले: ज्या सिस्टिमला लागतील तिने वापरावेत. अख्ख्या सीडीची सेक्टरबरहुकूम नक्कल एकाच फाइलमध्ये ठेवली की ती आयएसओ इमेज. तरी सीडीवरून मशिन उठत नव्हतं. सीडीच्या बरोबर बूट फ्लॉपी लागायची. जानेवारी १९९५मध्ये फिनिक्स आणि आयबीएमने एल टोरिटो हा आराखडा दिला (हे नाव कॅलिफोर्नियातल्या एका मेक्सिकन रेस्तराँचं). त्याच्या एका प्रकारात सीडीवर फ्लॉपीची इमेज लपवलेली असते आणि बायॉस (मशिन चालू होताच पहिलं चालणारं, मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर) तिलाच खरी फ्लॉपी समजून चालवते. शुद्ध फसवणूक, पण अगदी उपयोगी.

भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ला, तेही डायल-अप. ५६ केबीपीएसचा मोडेम एकदाही न अडखळता पूर्ण वेगाने चालला तरी ६५० एमबीची एक आयएसओ उतरवायला २६ तासांच्या आसपास लागतात, आणि फोनचं बिल वेगळं. त्यामुळे पुण्या-मुंबईत काय किंवा नागपुरात काय, लिनक्स आली ती संगणक मासिकांबरोबर चिकटवलेल्या सीडीतून आणि मित्राने राइट करून दिलेल्या कॉपीतून. पुढे उबुंटू या लिनक्सने हे हेरलं. ऑक्टोबर २००४च्या पहिल्या आवृत्तीपासून ती बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीने मागेल त्याला सीडी फुकट पाठवली. पाकीट टपालाने घरी यायचं. ही योजना एप्रिल २०११मध्ये बंद झाली. त्याआधी क्लाउस क्नॉपरच्या नॉपिक्स या लिनक्सने दाखवून दिलं होतं की जवळपास दोन जीबीचा पसारा दाबून एका सीडीत बसवता येतो आणि हार्ड डिस्कला हात न लावता सगळी सिस्टिम वापरून पाहता येते. विंडोज ठेवून दुसरं काही बसवायची भीती घालवण्यात अशा ‘लाइव्ह’ सीडीचा वाटा कुठल्याही बूट लोडरपेक्षा मोठा आहे, असं मला वाटतं.

सीडी मागे पडून पेन ड्राइव्ह आला तेव्हा नवी अडचण आली. बायॉस पेन ड्राइव्हला हार्ड डिस्क समजते आणि पहिल्या ५१२ बाइटमध्ये बूट कोड शोधते. आयएसओमध्ये तर तिथे काहीच नसतं. १९८८च्या त्या ३२ केबी मोकळ्या जागेचं सोनं झालं ते इथे. २००८मध्ये सिसलिनक्स या बूट लोडरच्या एच. पीटर अँव्हिनने आयएसओहायब्रिड आणलं: मोकळ्या जागेत हार्ड डिस्कसारखा पहिला सेक्टर लिहून ठेवायचा. सीडी ड्राइव्ह तिकडे बघत नाही, बायॉस नेमकं तिकडेच बघते, आणि एकच फाइल दोन्हीकडे चालते. म्हणून लिनक्सची इमेज आज पेन ड्राइव्हवर जशीच्या तशी ओतता येते. फाइल नुसती कॉपी-पेस्ट केली तर चालत नाही, ते का हेही यातच आलं. विंडोजच्या आयएसओंना असं करता येत नसल्याने रूफससारखी साधनं लागतात.

मोकळ्या जागेचा असाच धंदा ग्रब या बूट लोडरने हार्ड डिस्कवर केला. एरिक बोलेनने १९९५मध्ये ग्नू हर्ड या सिस्टिमसाठी लिहिलेला हा लोडर फाइल सिस्टिम स्वतः वाचतो, त्यामुळे लिलोसारखी पाठांतराची भानगड नाही. पण एवढं शहाणपण ४४६ बाइटमध्ये मावत नाही. जुन्या पद्धतीत पहिलं पार्टिशन ६३व्या सेक्टरपासून सुरू व्हायचं आणि मधले ६२ सेक्टर कोणाचेच नसायचे. ग्रब तिथे जाऊन बसला. काही महागड्या विंडोज सॉफ्टवेअरची लायसन्स तपासणीही आपली गुपचूप नोंद नेमकी तिथेच करायची. विंडोजमध्ये ते सॉफ्टवेअर उघडलं आणि पुढच्या वेळी लिनक्स सुरू होईना, असं होऊ लागल्यावर ग्रबला स्वतःचे बिघडलेले बाइट दुरुस्त करण्याची तजवीज करावी लागली.

बायॉसच्या जागी यूईएफआय आणि जुन्या पार्टिशन तक्त्याच्या जागी जीपीटी आल्यावर हे सगळं संपायला हवं होतं. चारऐवजी सहसा १२८ पार्टिशनांच्या नोंदी. बूटसाठी वेगळं छोटं पार्टिशन. त्यात प्रत्येक सिस्टिमचं स्वतःचं फोल्डर. आणि मदरबोर्डवर सगळ्यांची यादी. पुसण्यासारखा एकच सेक्टर उरला नाही. राहिल्या त्या किरकोळ कटकटी. लिनक्स मदरबोर्डवरचं घड्याळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) ठेवते आणि विंडोज त्यालाच स्थानिक वेळ समजते, म्हणून आपल्याकडे लिनक्समधून विंडोजमध्ये परतलं की वेळ साडेपाच तास मागे दिसते. विंडोज ८पासूनचं फास्ट स्टार्टअप मशिन पूर्ण बंद करतच नाही, त्यामुळे लिनक्स ते पार्टिशन फक्त वाचायला देते.

भांडण मात्र सेक्टरवरून सहीवर सरकलं. २०१२च्या विंडोज ८बरोबर सिक्युअर बूट आलं: ओळखीची डिजिटल सही असेल तोच लोडर चालणार, आणि बहुतेक मशिनमध्ये चावी मायक्रोसॉफ्टची. सप्टेंबर २०११मध्येच रेड हॅटच्या मॅथ्यू गॅरेटने धोक्याची घंटा वाजवली होती. तोडगा निघाला तो शिम नावाचा लहानसा लोडर, जो मायक्रोसॉफ्टकडून सही घेतो आणि मग पुढे ग्रबला चालवतो. म्हणजे उबुंटूसुद्धा उठते ती मायक्रोसॉफ्टच्या सहीने. १३ ऑगस्ट २०२४च्या विंडोज अपडेटने जुन्या, धोकादायक शिमांना बाद ठरवलं. ड्युअल बूटच्या मशिनवर ते लागू होणार नाही असं सांगितलं होतं, तरी अनेकांची लिनक्स ‘सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ म्हणत अडून बसली. सिक्युअर बूट बंद करा, लिनक्समध्ये जाऊन ते धोरण पुसा, परत चालू करा, असा द्राविडी प्राणायाम लोक करत राहिले. मायक्रोसॉफ्टची पक्की दुरुस्ती मे २०२५मध्ये आली.

शिमवर सही करणाऱ्या २०११च्या प्रमाणपत्राची मुदत जून २०२६पर्यंतची. त्याच्या जागी २०२३चं नवं. मुदत संपली म्हणून आधी बसवलेली लिनक्स बंद पडत नाही. मात्र ज्या जुन्या मशिनच्या फर्मवेअरमध्ये (मदरबोर्डवरच्या सॉफ्टवेअरमध्ये) नवी चावी पोचलेली नाही, तिथे फक्त नव्या चावीने सही केलेली आयएसओ सिक्युअर बूट चालू ठेवून उठणार नाही. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स बसवायची असेल, तर विंडोज आहे तोवर तिचे आणि फर्मवेअरचे अपडेट एकदा घेऊन ठेवलेले बरे.