नाव पुसलं, चेहरा मात्र तसाच

मेंदूच्या एमआरआय फाइलमधून रुग्णाचं नाव आणि जन्मतारीख काढली की ती निनावी झाली, असा समज संशोधकांतही सर्रास आढळतो. तो धोकादायक आहे. एमआरआय घेताना एकटा मेंदू टिपला जात नाही, सगळं डोकं टिपलं जातं. नाक, ओठ, हनुवटी, कान सगळं त्यात असतं.

नेहमीच्या टी१ स्कॅनमध्ये, म्हणजे रचना दाखवणाऱ्या एमआरआयच्या एका प्रकारात, डोक्याचे एकेक मिलिमीटरचे ठोकळे पाडलेले असतात. 256 × 256 × 176 अशी मांडणी धरली, तर 1 कोटी 15 लाख ठोकळे झाले. त्या जागेवरून जितका तीव्र संदेश आला, तितका मोठा आकडा त्या ठोकळ्याला मिळतो. संदेश देणारे हायड्रोजनचे अणू हवेत जवळजवळ नसतात, म्हणून तिथे आकडा शून्याजवळ राहतो. त्वचेखालची चरबी मात्र टी१मध्ये लख्ख दिसते. ही सीमा इतकी ठसठशीत असते, की या दोहोंमधला एक आकडा निवडून त्यावरचे ठोकळे ठेवले आणि पृष्ठभाग काढला की पडद्यावर चेहरा उभा राहतो. 2019 साली मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी 84 स्वयंसेवकांची छायाचित्रं त्यांच्या स्कॅनशी जुळवून पाहिली. चेहरा ओळखणाऱ्या तयार सॉफ्टवेअरने 70 जण बरोबर ओळखले!

म्हणून डेटा इतर संशोधकांसाठी खुला करण्याआधी चेहरा खोडावा लागतो. त्यासाठी स्कॅन एका प्रमाण डोक्यावर, म्हणजे नमुन्याच्या स्कॅनवर, बसवतात आणि चेहऱ्याच्या भागातले आकडे शून्य करतात. घोटाळा होतो तो बसवण्यात. अल्झायमरने आक्रसलेला मेंदू, मोठी गाठ किंवा लहान मुलाचं डोकं प्रमाण डोक्यावर नीट बसत नाही; मग कपाळामागचा मेंदूही कापला जातो, किंवा नाक शिल्लक राहतं. त्यामुळे प्रत्येक स्कॅन डोळ्यांनी तपासायलाच हवा. चित्राची चौकट अपुरी पडली, तर नाकाचा भाग विरुद्ध बाजूला, डोक्यामागे उमटतो. तोही शोधून पुसावा लागतो. आणि टी१ साफ करून त्याच व्यक्तीचे टी२ आणि फ्लेअर हे इतर प्रकारचे स्कॅन तसेच सोडले, तर केलेली मेहनत वाया जाते. मेंदूचे चुंबकीय संदेश मोजणाऱ्या एमईजीची सांगड स्कॅनशी घालायची असेल, तर नाकाचं मूळ आणि कान यांच्या जागा आधीच नोंदवून ठेवाव्यात. नंतर त्या सापडत नाहीत.

तारखा खोडण्यापेक्षा सरकवाव्यात: एका व्यक्तीच्या सगळ्या तारखा सारख्याच दिवसांनी, म्हणजे दोन तपासण्यांमधलं अंतर टिकतं. अमेरिकेच्या हिपा (रुग्णांच्या माहितीची गोपनीयता जपणारा कायदा) नियमांत 89 वर्षांवरचं वय नेमकं न देता ‘90 किंवा अधिक’ असं एकत्र देतात. फाइलींची नावं आणि मांडणी 2016 पासून रुळलेल्या ‘बिड्स’ या मेंदूच्या डेटासाठीच्या प्रमाण पद्धतीने ठेवली, तर दुसऱ्या प्रयोगशाळेचं काम पहिल्याच दिवशी सुरू होतं.

एवढा खटाटोप कशासाठी? मेंदूची रचना आणि स्वभाव किंवा बुद्धी यांचा सांख्यिकी संबंध खात्रीने दिसायला हजारो माणसं लागतात, असं 2022 मध्ये ‘नेचर’मधल्या मोठ्या अभ्यासात दिसलं. तेवढी माणसं एका प्रयोगशाळेला सहसा मिळत नाहीत. एकाच स्कॅनवरून मुलाचा कल किंवा ‘डावा मेंदू, उजवा मेंदू’ सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये, तो यासाठीच.

एकदा उतरवून घेतलेली फाइल परत मागवता येत नाही. सहभागी व्यक्तीने नंतर माघार घेतली, तरी पुढच्या वाटपातून तिचा डेटा वगळता येतो, एवढंच. हे वाक्य संमतिपत्रात स्कॅनच्या आधी, सोप्या भाषेत असलं पाहिजे.