अर्थशास्त्र कुणाच्या घरचं?

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एक गंमत आहे. व्हार्टन ही तिथली व्यवसाय-व्यवस्थापनाची संस्था, पण तिची पदवी ‘अर्थशास्त्रातली बी.एस.’ म्हणून मिळते. अर्थशास्त्राचा विभाग मात्र कला-विज्ञान शाखेत आहे आणि तिथे मिळते बी.ए. पहिल्या पदवीवाल्याने बहुधा वित्त किंवा विपणन शिकलेलं असतं, दुसऱ्याने सिद्धान्त आणि अर्थमिती, म्हणजे आर्थिक आकडेवारी संख्याशास्त्राने तपासण्याची विद्या. व्हार्टन १८८१ मध्ये स्थापन झाली. पुढे कित्येक वर्षं अर्थशास्त्र तिच्याच छपराखाली होतं. १९७० च्या दशकात विभाग बाहेर पडला, पदवीचं नाव तेवढं मागे राहिलं.

अशा वाटण्या जवळपास सगळीकडे झाल्या आहेत, कारण या विषयाला स्वतःचं घर फार उशिरा मिळालं. अर्थशास्त्राचे जनक मानले जाणारे ॲडम स्मिथ ग्लासगोला नीतितत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. जर्मन भूमीवर वेगळंच बीज पडलं होतं: प्रशियाच्या राजाने १७२७ मध्ये हाले आणि फ्रँकफुर्ट (ओडर) इथे अध्यासनं काढली ती खजिना, जमीन आणि महसूल सांभाळणारे अधिकारी घडवायला. एकीकडे तत्त्वज्ञान, दुसरीकडे कारभार. ही ओढाताण अजून संपलेली नाही.

केंब्रिजमध्ये आल्फ्रेड मार्शल यांनी चिवटपणे पाठपुरावा केला, तेव्हा कुठे १९०३ मध्ये अर्थशास्त्राची परीक्षा नीतिशास्त्रापासून सुटी झाली. ऑक्सफर्डने १९२० मध्ये उलटी वाट धरली आणि तत्त्वज्ञान, राजकारण, अर्थशास्त्र एकत्र बांधले. पदवीच्या पातळीवर निव्वळ अर्थशास्त्र तिथे आजही नाही. जर्मनीत १८९८ पासून लाइपझिगसारख्या ठिकाणी व्यापारी महाविद्यालयं निघाली आणि राष्ट्राचं अर्थशास्त्र व उद्योगाचं अर्थशास्त्र असे दोन सवतेसुभे झाले.

तिसरं घर शेतीचं, आणि विद्यार्थी नेमके त्याच्याकडे दुर्लक्ष करतात. अमेरिकेत १८६२ च्या मॉरिल कायद्याने दिलेल्या जमिनींवर शेती आणि यंत्रविद्येची महाविद्यालयं उभी राहिली. त्यांपैकी आयोवाच्या महाविद्यालयात थिओडोर शुल्ट्झ अर्थशास्त्राचे विभागप्रमुख होते. १९४३ मध्ये, ऐन युद्धात, त्यांच्या विभागातल्या एका तरुण संशोधकाने पुस्तिका लिहिली: वनस्पती तेलाचं मार्गारिन पोषणात आणि चवीत लोण्याच्या तोडीचं आहे, तेव्हा टंचाईच्या काळात त्यावरची बंधनं उठवा. आयोवा म्हणजे दुधाचा मुलूख. डेअरीवाले खवळले, महाविद्यालयाने मान तुकवली आणि पुस्तिका मागे घेतली गेली. शुल्ट्झ चिडून शिकागोला गेले. १९७९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. विभाग कुणाच्या अंगणात आहे यावर काय निर्धास्तपणे लिहिता येतं तेही ठरतं, हे इतक्या उघडपणे क्वचितच दिसलं असेल. तरीही शेतीच्या घरात शिकणं कमी प्रतीचं, असं मी म्हणणार नाही. पिकांच्या भावांची आणि कुटुंबांच्या खर्चाची खरी आकडेवारी चिवडायची सवय तिथे आधी लागली.

मग गणित आलं. १९३० मध्ये अर्थमितीची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली, १९४७ मध्ये पॉल सॅम्युएलसन यांचा सिद्धान्तग्रंथ आला, आणि पुढच्या दोनेक पिढ्यांत विषयाची भाषाच बदलली. विभाग बहुतेक ठिकाणी कला किंवा सामाजिक शास्त्रांतच राहिला. वर्गात मात्र कलन आणि संख्याशास्त्र येऊन बसलं. म्हणून अर्थशास्त्राचा अभ्यासक्रम निवडताना फाटकावरची पाटी न वाचता दुसऱ्या वर्षाची सक्तीच्या विषयांची यादी वाचावी. तिथे हिशेबशास्त्र आहे की रेषीय बीजगणित, यावरून घर कुणाचं ते लगेच कळतं.

अलीकडची वाटणी तर व्हिसाने केली. अमेरिकेत परदेशी विद्यार्थ्याला पदवीनंतर १२ महिने काम करता येतं. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीतल्या विषयांना आणखी २४ महिने मिळतात. साधं अर्थशास्त्र त्या यादीत नव्हतं, ‘अर्थमिती आणि संख्यात्मक अर्थशास्त्र’ होतं. मग एकामागून एक विभागांनी सरकारी यादीतला आपल्या अभ्यासक्रमाचा सांकेतिक क्रमांक बदलून घेतला.