सर्व्हर किती वर्षं टिकतो? क्लाउड कंपन्यांतल्या गुंतवणुकीची पार्श्वभूमी

क्लाउड कंपन्यांच्या, म्हणजे संगणकाची क्षमता इंटरनेटवरून भाड्याने देणाऱ्या कंपन्यांच्या, शेअरबद्दल बोलताना महसूल किती टक्क्यांनी वाढला, हेच बहुतेक वेळा सांगितलं जातं. नफा किती दिसणार, हे मात्र बऱ्याच अंशी वार्षिक अहवालाच्या टिपांमधल्या एका ओळीवर ठरतं: कंपनीने सर्व्हरचं, म्हणजे भाड्याने दिल्या जाणाऱ्या मोठ्या संगणकांचं, आयुष्य किती वर्षं धरलंय?

या धंद्यात पैसा आधी जातो आणि हप्त्याहप्त्याने परत येतो. त्याचा सुरुवातीचा एक मोठा फटका एक्झोडस कम्युनिकेशन्सच्या भागधारकांना बसला. कॅलिफोर्नियातली ही कंपनी मार्च १९९८ मध्ये नॅसडॅक या अमेरिकी शेअर बाजारावर आली. ग्राहकांच्या सर्व्हरसाठी जागा, वीज, कूलिंग आणि इंटरनेट जोडणी ती भाड्याने द्यायची. डेटा सेंटर (सर्व्हर ठेवण्याच्या इमारती) उभी राहिली ती चढ्या व्याजाच्या, दीर्घ मुदतीच्या रोख्यांवर. भाडं भरणाऱ्यांत मात्र नवख्या डॉटकॉम कंपन्यांचा मोठा भरणा. त्या बुडाल्या, भाडं थांबलं, व्याज थांबलं नाही. सप्टेंबर २००१ मध्ये एक्झोडसने दिवाळखोरीचा अर्ज केला.

डेटा सेंटर चालवणारीच इक्विनिक्स त्याच लाटेत बुडता बुडता वाचली. ऑगस्ट २००० मध्ये तिचा आयपीओ (शेअरची पहिली जाहीर विक्री) १२ डॉलरला आला. २००२ च्या अखेरीस सिंगापूरच्या एसटी टेलिमीडियाचं भांडवल आलं, कर्जाची फेररचना झाली आणि ३२ जुन्या शेअरचा १ नवा शेअर झाला. म्हणजे आयपीओत घेतलेल्या माणसाची खरेदी किंमत ३८४ डॉलर झाली. लाभांश सोडला, तर तो भाव परत दिसायला २०१६-१७ साल उजाडावं लागलं. कंपनी उत्तम चालली, जगभर पसरली, तरी पहिल्या भागधारकाची सोळा वर्षं गेली. भांडवल कमी पडलं की जुन्या भागधारकाचा हिस्सा कसा विरघळतो, हे समजायला याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

ॲमेझॉनने २००६ मध्ये एस-थ्री (माहिती साठवण्याची सेवा) आणि ईसी-टू (संगणक भाड्याने देण्याची सेवा) सुरू केल्यावर चित्र बदललं. आता सर्व्हरही कंपनीचेच, आणि भाडं वापरानुसार. पण हा धंदा किती फायद्याचा आहे, हे गुंतवणूकदारांना नऊ वर्षं कळलंच नाही, कारण आकडे ‘इतर’ या सदरात जायचे. एप्रिल २०१५ मध्ये ॲमेझॉनने ते पहिल्यांदा वेगळे दिले: तिमाहीचा महसूल १.५७ अब्ज डॉलर, परिचालन नफा २६.५ कोटी डॉलर. दुसऱ्या दिवशी शेअर सुमारे १४ टक्के वर गेला.

इथून पुढे घसाऱ्याचा, म्हणजे यंत्राची किंमत त्याच्या आयुष्यभर दरवर्षी थोडी थोडी खर्चात टाकण्याचा, इतिहास बारकाईने पाहण्यासारखा आहे. ॲमेझॉनने सर्व्हरचं आयुष्य २०२० मध्ये ३ वरून ४, २०२२ मध्ये ५ आणि २०२४ मध्ये ६ वर्षं केलं. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये ४ वरून थेट ६ केलं, गूगलची मूळ कंपनी अल्फाबेटने २०२३ मध्ये तेच केलं. परिणाम साध्या हिशोबात बघा. ६०० कोटींचे सर्व्हर ३ वर्षांत विभागले तर वर्षाला २०० कोटी घसारा, ६ वर्षांत विभागले तर १००. करपूर्व नफा वर्षाला १०० कोटींनी वाढलेला दिसतो. तिजोरीत एक रुपयाही जास्त येत नाही. यात लबाडीच असते असं नाही, यंत्रं खरोखर जास्त टिकू लागली होती. पण २०२५ च्या सुरुवातीपासून ॲमेझॉनने काही सर्व्हरचं आयुष्य पुन्हा ५ वर्षांवर आणलं आणि कारण दिलं एआयमुळे तंत्रज्ञान बदलण्याचा वाढलेला वेग. ही ओळ गंभीरपणे घ्यायला हवी.

कारण मार्च २०२५ मध्ये ४० डॉलरला आयपीओ आणणारी कोअरवीव्ह जीपीयू (एआयसाठी लागणाऱ्या वेगवान चिप) भाड्याने देते आणि त्यांचं आयुष्य ६ वर्षं धरते. २०२४ चा तिचा महसूल १.९ अब्ज डॉलर, त्यातला ६२ टक्के एकट्या मायक्रोसॉफ्टकडून; निव्वळ तोटा ८६ कोटी डॉलरच्या वर. समायोजित एबिटा हा नफ्याचा आकडा मात्र भरघोस दिसतो, कारण त्यात घसारा आणि व्याज यांचा खर्च धरतच नाहीत. जिथे यंत्र हाच कच्चा माल आहे, तिथे एबिटावर शेअरची किंमत ठरवणं मला चूक वाटतं. परिचालनातून आलेल्या रोख रकमेतून भांडवली खर्च वजा करा, वित्तीय भाडेपट्ट्यांचे (कर्जासारखे फेडायचे यंत्रांचे भाडेकरार) हप्तेही वजा करा, आणि कर्जाची मुदत व ग्राहकांच्या करारांची मुदत शेजारी शेजारी मांडा. करार आधी संपत असतील, तर एक्झोडसचीच मांडणी पुन्हा समोर येते.

भारतीय कंपन्यांच्या बाबतीत सुरुवात कंपनी कायदा २०१३ च्या अनुसूची २ पासून करावी. तिथे सर्व्हर आणि नेटवर्कला ६ वर्षं, लॅपटॉप-डेस्कटॉपला ३ वर्षं दिली आहेत. सीपीयू (साधी मुख्य चिप) की जीपीयू, हा भेद तिथे नाही. एनएसई इमर्ज या छोट्या कंपन्यांच्या शेअर मंचावर मे २०१८ मध्ये ५७ रुपयांना आलेली ई-टू-ई नेटवर्क्स आज जीपीयू क्लाउडसाठी ओळखली जाते. अशा कंपनीचा अहवाल हातात आला की आधी टिपांमधलं सर्व्हरचं आयुष्य बघावं. अनुसूचीपेक्षा वेगळं धरलं असेल, तर त्याचं तांत्रिक कारण तिथेच द्यावं लागतं.