कॅलिफोर्नियातली प्लेसमेंट टेस्ट: आली कशी, गेली कशी

कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजांत, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजांत, नाव घातलं की कुठल्या पातळीच्या वर्गात बसवायचं ते ठरवणारी इंग्रजी आणि गणिताची प्लेसमेंट टेस्ट द्यावी लागायची. 2019च्या फॉल (शरद) सत्रापासून ती बंद झाली. कुणी त्याचं श्रेय 2017च्या एबी 705 या कायद्याला देतं, कुणी त्याच कायद्यावर खापर फोडतं. दोघंही अर्धीच गोष्ट सांगतात. एकट्या चाचणीच्या गुणांवरून कुणाला खालच्या वर्गात बसवायचं नाही, हा नियम त्या राज्यात 1990च्या दशकाच्या सुरुवातीपासूनच होता. तो कागदावर राहिला, आणि पंचवीस वर्षांनी तो पाळायला लावण्यासाठी वेगळा कायदा करावा लागला.

त्याआधीचा काळ थोडक्यात. 1960च्या राज्य आराखड्यानं शाळेतल्या वरच्या एक अष्टमांश मुलांना एका विद्यापीठ-समूहात, वरच्या एक तृतीयांशांना दुसऱ्या समूहात जागा दिली आणि बाकी सगळ्यांना कम्युनिटी कॉलेजचं दार उघडं ठेवलं. दार सगळ्यांना उघडं म्हटल्यावर आत आलेल्याला कुठल्या वर्गात बसवायचं हा प्रश्न आलाच. 1970च्या दशकात बऱ्याच कॉलेजांनी तो विद्यार्थ्यांवरच सोडला. हवा तो वर्ग घ्या, नापास व्हायचाही तुम्हाला हक्क आहे, असं तेव्हा उघड म्हटलं जाई. मग 1978 साली मालमत्ता करावर मर्यादा घालणारा जनमताचा कौल आला आणि पैसा आटला. 1984 साली राज्यभर पहिल्यांदाच फी लागू झाली, युनिटमागे (म्हणजे क्रेडिटमागे) 5 डॉलर. आता प्रवेश किती झाले यापेक्षा त्यातले किती जण तडीस गेले, असं आमदार विचारू लागले.

हवा सगळ्या देशातच तशी होती. न्यू जर्सीनं 1978 पासून सरकारी कॉलेजांत येणाऱ्या नव्या मुलांना मूलभूत कौशल्यांची चाचणी सक्तीची केली होती. टेक्सासनं 1987 साली कायदा केला आणि 1989च्या फॉलपासून वाचन, लेखन व गणित या तिन्हींची ‘टास्प’ ही राज्यव्यापी चाचणी लागू केली. कॅलिफोर्नियानं एकच चाचणी कधी आणली नाही. 1986च्या कायद्यानं नव्या विद्यार्थ्याची चाचणी, ओळखवर्ग, समुपदेशन आणि अभ्यासाचा आराखडा अशी साखळी घालून दिली, त्यासाठी पैसे दिले, आणि चाचणी कुठली घ्यायची ते ज्या त्या कॉलेजवर सोडलं. अट एवढीच, की चाचणीला राज्याची मान्यता हवी आणि तिच्यावरून प्रवेश नाकारायचा नाही.

प्रवेश नाकारायचा नाही, पण वर्ग नाकारता येत होता. मेख तिथेच होती. चाचणीत कमी पडलेल्याला रेमेडियल, म्हणजे कच्चं पक्कं करून घेणाऱ्या, इंग्रजीत टाकलं जाई, आणि मुख्य इंग्रजीवर अडून बसलेले इतिहासापासून मानसशास्त्रापर्यंतचे वर्ग त्याला बंद होत. 1988 साली मेक्सिकन-अमेरिकनांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एका संघटनेनं ऑरेंज काउंटीतल्या एका कॉलेजच्या विद्यार्थ्यांच्या वतीनं दावा लावला. लॅटिनो मुलं या चाळणीतून प्रमाणाबाहेर खालच्या वर्गांत जातात आणि तिथेच अडकतात, असं त्यांचं म्हणणं होतं. 1991 साली तडजोड झाली, दावा मागे घेतला गेला, आणि दोनेक वर्षांत राज्याच्या नियमावलीत तीन गोष्टी पक्क्या झाल्या. एखादा वर्ग दुसऱ्या वर्गाची पूर्वअट करायचा तर त्याची गरज दाखवून द्यावी लागेल. चाचणी त्या त्या वर्गासाठी खरंच उपयोगी आहे आणि कुठल्या समाजगटावर ती जास्त भार टाकत नाही, हे कॉलेजनं तपासावं लागेल. आणि तिसरी गोष्ट म्हणजे ‘मल्टिपल मेझर्स’: निर्णय एकाच मापावर घ्यायचा नाही, शाळेतले गुण, आधी केलेले विषय, कामाचा अनुभव असं आणखी काहीतरी सोबत धरायचं.

या तिसऱ्या नियमाचं पुढे काय झालं ते जरा सविस्तर सांगायला हवं, कारण एबी 705वरच्या चर्चेत तो भाग हमखास गाळला जातो. ‘मल्टिपल’ म्हणजे किती आणि ‘मेझर’ म्हणजे काय, हे नियमानं सांगितलं नव्हतं. कॉलेजांनी सोपा मार्ग काढला. चाचणीच्या आधी किंवा नंतर संगणकावर चारदोन प्रश्न यायचे: आठवड्याला किती तास नोकरी करणार? शेवटचं गणित कधी केलं? कॉलेजशिक्षण तुमच्या घरच्यांना किती महत्त्वाचं वाटतं? उत्तरांप्रमाणे चाचणीच्या गुणांत एक-दोन गुण मिळायचे. झालं मल्टिपल मेझर! कटऑफच्या अगदी काठावरचा एखादा विद्यार्थी त्यानं वर सरकत असेल, बाकीच्यांना काडीचा फरक पडत नव्हता. शाळेची गुणपत्रिका मागवणं, ती वाचायला माणूस बसवणं हे खर्चाचं काम होतं. एका काउन्सेलरच्या वाट्याला शेकड्यांनी विद्यार्थी असताना चाचणीचा आकडा दोन तासांत हातात यायचा, आणि राज्याची तपासणी आली तर दाखवायला प्रश्नावली होतीच. नियम मोडला असं कुणाला म्हणता येत नव्हतं. पण 1991 साली ज्यांनी तडजोड केली त्यांना हे अपेक्षित होतं, असं मला तरी वाटत नाही.

दुसरी अडचण विद्यार्थ्यांना जे सांगितलं जाई त्यात होती. ‘यात पास-नापास नाही, तयारीची गरज नाही.’ बारावी आणि सीईटीच्या मुशीतून गेलेल्या आपल्याकडच्या माणसाला हे वाक्य ऐकूनच संशय आला असता. तिथली मुलं मात्र विश्वास ठेवून, कामावरून थेट येऊन, वर्ष-दोन वर्षं गणिताला हात न लावता अ‍ॅक्युप्लेसर किंवा कंपास देऊन मोकळी व्हायची. या संगणकीय चाचण्या दिलेल्या उत्तराप्रमाणे पुढचा प्रश्न सोपा किंवा अवघड करत जातात, त्यामुळे सुरुवातीच्या चुका महागात पडायच्या. त्या तासा-दोन तासांवर दीड-दोन वर्षांचा कार्यक्रम ठरून जाई.

कारण गणितात ट्रान्स्फर लेव्हलच्या, म्हणजे विद्यापीठात धरल्या जाणाऱ्या वर्गाखाली चार पायऱ्या होत्या: अंकगणित, प्रीअल्जिब्रा, प्राथमिक बीजगणित, मध्यम बीजगणित. अंकगणितात टाकलेल्या विद्यार्थ्याला आधी या चारही चढायच्या. प्रत्येक पायरीवर शंभरातले सत्तर पास होतात आणि पास झालेले सगळेच पुढच्या सत्रात नाव घालतात, असं धरलं तरी चौथ्या पायरीअखेर चोवीस उरतात. प्रत्यक्षात पास झालेलेही गळत, कुणाच्या नोकरीची पाळी बदले, कुणाला मूल होई. शिवाय रेमेडियल युनिटना पदवीत किंमत नाही, आणि केंद्राची आर्थिक मदत अशा 30 युनिटपुरतीच. 2009च्या फॉलपासून असोसिएट या दोन वर्षांच्या पदवीसाठीची किमान अट वाढवली गेली. गणितात प्राथमिकऐवजी मध्यम बीजगणित, इंग्रजीत थेट ट्रान्स्फर लेव्हलचं लेखन. दर्जा वाढवण्याच्या हेतूनं घेतलेला निर्णय असावा, पण जिना तोच ठेवून वरची पायरी उंच केली गेली. 2010च्या दशकात राज्यातले सुमारे 80 टक्के नवे विद्यार्थी किमान एका रेमेडियल वर्गात जात होते.

एवढे लोक खरंच कच्चे होते का, याचं उत्तर 2012च्या सुमारास मिळू लागलं. दोन मोठ्या कॉलेज-समूहांच्या नोंदींवर झालेल्या अभ्यासांत दिसलं, की गणितात सुमारे एक चतुर्थांश आणि इंग्रजीत सुमारे एक तृतीयांश विद्यार्थी चाचणीमुळे पार चुकीच्या वर्गात जातात, आणि त्यात पात्र असून खाली ढकललेले जास्त. शाळेचा जीपीए (सगळ्या विषयांच्या गुणांची 4 पैकी सरासरी) हा चाचणीपेक्षा चांगला अंदाज देतो, हेही त्यातच निघालं. त्याच वर्षी लाँग बीच शहरातल्या कॉलेजनं स्थानिक शाळांतून आलेल्या मुलांना त्यांच्या शाळेतल्या कामगिरीवरून बसवायला सुरुवात केली. थेट ट्रान्स्फर लेव्हलच्या इंग्रजीत जाणाऱ्यांची संख्या कित्येक पटींनी वाढली आणि पास होण्याचं प्रमाण कोसळलं नाही. शाळेतले गुण धरा, हे 1990च्या दशकातल्या नियमानं सांगितलंच होतं. इथे ते पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर करून पाहिलं गेलं.

याच काळात राज्य मात्र उलट दिशेनं चाललं होतं. 2011च्या एका कायद्यानुसार सगळ्या कॉलेजांसाठी एकच सामाईक चाचणी बनवायचं काम सुरू होतं, त्यावर कोट्यवधी डॉलर खर्च झाले आणि 2017 साली ते गुंडाळलं गेलं. त्याच्या आधीच, 2015 साली, कंपास चालवणाऱ्या संस्थेनं ही चाचणी आपण बंद करतोय असं जाहीर केलं होतं. चाचणी योग्य वर्ग ठरवायला अपुरी पडते, हे बनवणाऱ्यांनीच मान्य केल्यासारखं होतं ते. फ्लोरिडानं 2013 सालीच राज्यातल्या सरकारी शाळांतून बाहेर पडलेल्या बहुतेकांना चाचणीतून मोकळं केलं होतं. टेक्सासनं चाचणी ठेवली, मात्र 2017च्या कायद्यानं रेमेडियल आणि मुख्य वर्ग एकाच सत्रात जोडून घ्यायला लावले.

एबी 705वर ऑक्टोबर 2017 मध्ये सही झाली. कायद्याचा गाभा एका वाक्यात आहे: विद्यार्थी ट्रान्स्फर लेव्हलच्या वर्गात यशस्वी होण्याची शक्यता अत्यंत कमी आहे, आणि खालच्या वर्गातून गेल्यानं ती वाढेल, ही दोन्ही विधानं कॉलेजला सिद्ध करता आली तरच त्याला खाली बसवता येईल. इंग्रजी आणि गणिताचा ट्रान्स्फर लेव्हलचा वर्ग वर्षभरात पुरा होईल, याची शक्यता जास्तीत जास्त राहील अशीच जागा द्यायची. आजवर विद्यार्थ्यानं आपली पात्रता दाखवायची होती, आता कॉलेजनं त्याची अपात्रता दाखवायची. निकष म्हणून शाळेतले विषय, गुण आणि जीपीए. गुणपत्रिका मिळत नसेल तर विद्यार्थी सांगेल तो जीपीए धरायचा. मल्टिपल मेझर्सच्या नियमात जी मोकळीक होती ती यात ठेवली नाही, कारण मोकळीक दिली की काय होतं ते पंचवीस वर्षं दिसलं होतं.

2018च्या मार्गदर्शक सूचनांत आकडे आले. इंग्रजीत जीपीए 2.6 किंवा अधिक असेल तर सरळ वर्गात, 1.9 ते 2.6 असेल तरी त्याच वर्गात पण जोडीला मदतीचा तास सुचवायचा, आणि 1.9च्या खाली असेल तर मदत भक्कमपणे सुचवायची, वर्ग तोच. गणितात संख्याशास्त्राच्या वर्गासाठी याच रेघा 3.0 आणि 2.3वर. इंग्रजीत सर्वात खालच्या गटातही थेट बसवलेल्यांपैकी शंभरात 40हून थोडे अधिक पास होतील असा अंदाज होता, आणि एक पायरी खालून सुरू करणाऱ्यांतून वर्षभरात तो वर्ग पार करणारे त्याहून फारच कमी. राज्यमान्य चाचण्यांच्या यादीतून इंग्रजी-गणिताच्या चाचण्या गेल्या. इंग्रजी परकी भाषा म्हणून शिकणाऱ्यांसाठी मुदत तीन वर्षांची राहिली आणि तिथे चाचण्याही राहिल्या.

त्यानंतरचा वाद मुख्यतः भागाकाराचा आहे. विरोध करणारे प्राध्यापक वर्गातले आकडे दाखवतात: थेट गणितात येणाऱ्यांची गर्दी वाढली तसं पास होण्याचं प्रमाण उतरलं. ते खरं आहे. कायद्याच्या बाजूचे लोक छेदस्थानी वर्गातल्यांऐवजी कॉलेजात नव्यानं गणित सुरू करणाऱ्या सगळ्यांना घेतात, आणि मग पहिल्याच सत्रात ट्रान्स्फर लेव्हलचं गणित पुरं करणाऱ्यांचा वाटा स्पष्ट वाढलेला दिसतो. तेही खरं आहे. माझा कल दुसऱ्या हिशोबाकडे आहे, कारण पहिल्यात पायऱ्यांवर गळून गेलेले विद्यार्थी मोजलेच जात नाहीत. पण नापास झालेल्याच्या जीपीएवर बसलेला डाग आणि त्यानं भरलेली फी (आता युनिटमागे 46 डॉलर) दुसऱ्या हिशोबात दिसत नाही, हे प्राध्यापकांचं म्हणणं मोडीत काढता येत नाही.

काही कॉलेजांनी रेमेडियल वर्ग वेळापत्रकात ठेवले आणि विद्यार्थी आपणहून तिथे येत राहिले, म्हणून 2022 साली एबी 1705 आला आणि त्यानं त्या वाटाही बऱ्याचशा बंद केल्या. त्यातला शेवटचा टप्पा 2025च्या फॉलचा होता: विज्ञान-अभियांत्रिकीकडे जाणाऱ्यांना त्रिकोणमिती किंवा प्रीकॅल्क्युलसमध्ये न अडकवता शक्यतो थेट कॅल्क्युलसमध्ये बसवायचं. इथे विरोध अधिक तिखट झाला, चाचणीच्या विरोधात असलेलेही काही जण थबकले, आणि शाळेत हे विषय न केलेल्यांसाठी तयारीचे वेगळे वर्ग आखून पाहायला थोडी सवलत मिळाली.

हे सगळे हिशोब अमेरिकन हायस्कूलच्या गुणपत्रिकेवर उभे आहेत. बे एरियात नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नोकरीमुळे आलेले, बऱ्याच वर्षांनी अकाउंटिंगचा किंवा कोडिंगचा वर्ग घ्यायला निघालेले मराठी लोक त्यात थेट बसत नाहीत. महाराष्ट्र बोर्डाच्या गुणपत्रिकेवर टक्के असतात, जीपीए नसतो. त्यांच्या वाट्याला बहुधा ‘गाइडेड सेल्फ-प्लेसमेंट’ येतं: ऑनलाइन प्रश्नावली भरा, नमुन्याची गणितं पाहा आणि कुठला वर्ग झेपेल ते स्वतः ठरवा. आणि नर्सिंगला जाणाऱ्यांनी चाचणी संपली म्हणून निश्चिंत होऊ नये. तिथे प्रवेशासाठी बऱ्याच कॉलेजांत ‘टीज’ ही वेगळी परीक्षा अजून आहे, आणि तिला कटऑफही आहे.