‘समावेशन’ कुणाचं? नाशिक जिल्ह्यातल्या एका शब्दाची पार्श्वभूमी

दिव्यांग मुलांच्या शिक्षणाचं काम करणाऱ्या नाशिकमधल्या माणसांच्या तोंडी ‘समावेशन’ हा शब्द दिवसातून दहादा येतो, पण त्याचा अर्थ दर वेळी एकच असतो असं नाही. कधी तो मुलांना नेहमीच्या शाळेत सामावून घेण्याबद्दल असतो, तर कधी त्याच मुलांना शिकवणाऱ्या कंत्राटी शिक्षकांना सेवेत कायम करण्याबद्दल. दुसऱ्या अर्थासाठी फायलीत बहुधा ‘समायोजन’ लिहितात, बोलताना मात्र दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी सर्रास येतात. या विषयाचा बराचसा इतिहास या गल्लतीतच दडलेला आहे, म्हणून ती उलगडून सांगायला हवी.

काळाराम मंदिराचा सत्याग्रह आणि येवल्याची घोषणा वाचकांना ठाऊक आहेत, त्या पुन्हा सांगत नाही. त्यांच्या आधीची एक गोष्ट मात्र इथे लागते. खेड्यातल्या मुलाला नाशकात शिकायचं तर त्याने राहायचं कुठे आणि जेवायचं कुठे, हा पहिला प्रश्न होता. त्याला उत्तर म्हणून जातवार बोर्डिंगं निघाली. १९२० साली कोल्हापूरच्या छत्रपतींच्या हस्ते इथल्या मराठा बोर्डिंगच्या इमारतीची कोनशिला बसली. पुढे इतर समाजांचीही वसतिगृहं उभी राहिली. जात मोडायची म्हणता आणि बोर्डिंग जातीचं काढता, हा आक्षेप अशा वसतिगृहांवर नेहमीच घेतला गेला. पण सगळ्यांच्या पंगतीत ज्याचं पान लांब मांडलं जातं, त्याला आधी स्वतःचं घर लागतं. ‘वेगळं की एकत्र’ हा वाद त्यामुळे नाशिकला शंभर वर्षं ओळखीचा आहे.

आश्रमशाळा हा त्याच वादाचा पुढचा टप्पा. पेठ, सुरगाणा, कळवण, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी हा जिल्ह्याचा डोंगरी पट्टा. कोकणा, वारली, महादेव कोळी, भिल्ल, कातकरी अशा समाजांची मुलं घरापासून दूर निवासी शाळेत ठेवून शिकवायची, हे धोरण १९७०च्या दशकात पक्कं झालं. राज्याच्या आदिवासी विकासाचा कारभार नाशकातूनच चालतो, त्यामुळे आश्रमशाळांचा प्रत्येक प्रश्न मोर्चा होऊन याच शहरात येतो. त्या शाळांनी हजारो मुलांना अक्षरओळखीच्या पुढे नेलं, हे मान्यच करायला हवं. पण चालता न येणारं किंवा ऐकू न येणारं आदिवासी मूल या व्यवस्थेच्या हिशेबात नव्हतं. वसतिगृहात त्याला उचलून न्हाणीपर्यंत नेणारं माणूस मंजूर पदांच्या यादीत नव्हतं, आणि असं मूल पाड्यावरच राहायचं.

आता मूळ गुंत्याकडे येतो. मराठी सरकारी कागदांत या कामासाठी तीन शब्द एकामागोमाग आले: विशेष, एकात्म आणि समावेशित. ‘विशेष’ म्हणजे वेगळी शाळा. अंध, मूकबधिर, मतिमंद हे शब्द तेव्हाच्या पाट्यांवरच असायचे. या शाळा शिक्षण खात्याकडे नव्हत्या, त्या समाजकल्याणाकडे. हे तपशील कोरडे वाटतील, पण त्यांचे परिणाम दूरवर गेले. एकाच गल्लीतल्या दोन भावंडांपैकी धाकट्याची शाळा एका खात्याची आणि थोरल्याची दुसऱ्या खात्याची. पुस्तकं, पोषण आहार, तपासणी, पटनोंदणी, सगळ्याच्या वाटा वेगळ्या. दिव्यांगांसाठी स्वतंत्र खातं राज्यात झालं ते २०२२च्या अखेरीस.

‘एकात्म’ हा शब्द १९७४ साली सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेतून आला. आपल्याकडे तिचं नाव ‘अपंग एकात्म शिक्षण योजना’. आठ मुलांमागे एक विशेष शिक्षक असा तिचा हिशेब होता, आणि त्याला सगळे ‘युनिट’ म्हणत. जुने शिक्षक अजूनही ‘मी युनिटवर होतो’ असंच सांगतात. कल्पना चांगली होती: मूल गावातल्या शाळेत बसेल आणि युनिटचा शिक्षक त्याला ब्रेल, खुणांची भाषा, उच्चार यांत हात देईल. पण ‘एकात्म’ या शब्दात एक अट लपलेली होती. शाळा जशी आहे तशी राहणार आणि मुलाने तिच्याशी जुळवून घ्यायचं. ज्याला जमलं तो टिकला. ज्याला जमलं नाही त्याच्या नावापुढे ‘शाळेस अयोग्य’ अशा अर्थाचं काहीतरी लिहिलं गेलं.

‘समावेशित’ या शब्दाने हे उलटं केलं, निदान कागदावर. जुळवून घेण्याची जबाबदारी मुलाची नाही, शाळेची. २००९ साली माध्यमिक स्तरासाठी आलेल्या योजनेचं नाव ‘अपंग समावेशित शिक्षण योजना’ असं ठेवलं गेलं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने तर या शिक्षणाची व्याख्याच केली: दिव्यांग आणि इतर मुलं एकत्र शिकतात आणि शिकवण्याची पद्धत वेगवेगळ्या दिव्यांग मुलांच्या गरजेप्रमाणे बदललेली असते, ती व्यवस्था. या व्याख्येचा दुसरा अर्धा भाग विसरला जातो. एकत्र बसवणं सोपं आहे. पद्धत बदलण्यासाठी शिकवणारा माणूस लागतो, आणि तिथेच घोडं अडलं.

कारण नाव बदलताना माणूस तोच राहिला आणि त्याच्या नोकरीची अटही तीच राहिली. पहिली ते आठवीसाठी तेव्हा एक योजना होती, नववी ते बारावीसाठी दुसरी, विशेष शाळांसाठी तिसरं खातं. योजनेतले विशेष शिक्षक कंत्राटी. ठरावीक मुदतीची ऑर्डर, मध्ये सेवा सलग धरली जाऊ नये म्हणून ‘तांत्रिक खंड’, पुन्हा नवी ऑर्डर. सुरगाणा तालुक्यात फिरतीवर असलेल्या शिक्षकाचं एक सॅक मी जवळून पाहिलं आहे. त्यात ब्रेल पाटी आणि सळई, मातीच्या गोळ्यांचा डबा, मोठ्या अक्षरांची हाताने केलेली चित्रपत्रं, एक भिंग, आणि तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली नियुक्तीची सगळी जुनी पत्रं. उद्या सेवेत घेण्याची वेळ आली तर पुरावा हवा म्हणून ती तो पावसाळ्यातही सोबत ठेवायचा. मुलाचं समावेशन आणि त्याचं स्वतःचं, दोन्ही त्या एकाच सॅकमध्ये होती.

शिक्षक बदलत राहिला की काय होतं, ते कर्णबधिर मुलांत लगेच दिसतं. लहान वयात हातांच्या खुणा आणि ओठांच्या हालचाली यांतून जी भाषा तयार होते, ती एका माणसाशी बांधलेली असते. तो माणूस जूनमध्ये आला आणि फेब्रुवारीत गेला, तर मूल वर्गात बसतं खरं, पण एकटं. म्हणून कर्णबधिर मुलांचे पालक विशेष शाळेकडे वळतात तेव्हा त्यांना मागासलेलं ठरवू नये. तिथे मुलाला निदान बोलायला सोबती मिळतात. २०१६च्या कायद्यानेही जवळची शाळा किंवा विशेष शाळा यांतून निवडण्याचा हक्क ठेवला आहे. माझं मत एकत्र शिकण्याच्या बाजूचं आहे, पण ती निवड खरी ठरण्यासाठी दोन्हीकडे शिकवणारा हजर हवा.

याहून जास्त वाद ‘गृहाधारित’ या शब्दाभोवती झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१०ला लागू झाला. २०१२च्या दुरुस्तीने दिव्यांग मुलांना वंचित घटकांत धरलं आणि तीव्र किंवा बहुविध दिव्यांगत्व असलेल्या मुलांना घरी राहून शिकण्याचा पर्याय दिला. जे मूल अंथरुणावरून हलूच शकत नाही, त्याच्यासाठी हे वरदान होतं. अडचण अशी, की पर्याय मुलाने निवडायचा होता आणि बऱ्याचदा तो शाळेने निवडला. पायऱ्या आहेत? गृहाधारित. मदतनीस नाही? गृहाधारित. पटावर नाव राहतं, मूल शाळाबाह्य ठरत नाही, आणि महिन्यातून एक-दोनदा शिक्षक घरी जाऊन आला की रकाना भरतो.

पायऱ्यांचंच घ्या. उताराचं प्रमाण एकास बारा हवं, म्हणजे ओटा एक फूट उंच असेल तर रॅम्प बारा फूट लांब. जिल्ह्यातल्या एका शाळेत मी तो मोजला होता. दीड फुटाच्या ओट्याला जेमतेम पाच फुटांचा रॅम्प, वर शेवटी दोन बोटांची उंच कड. व्हीलचेअर तिथून चढत नाही. एका मुलीची आई रोज तिला पाठुंगळीला घेऊन यायची आणि खुर्ची रॅम्पच्या खाली उभी असायची. तपासणीच्या कागदावर ‘रॅम्प: आहे’ असं होतं.

२०१६च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, त्यात सिकलसेल हा रक्ताचा आजार आला. पेठ-सुरगाण्याच्या पट्ट्यात या आजाराची मुलं आहेत. वरून धडधाकट दिसणारं मूल अंगदुखीच्या झटक्यात आठवडा आठवडा गैरहजर राहतं आणि शिक्षकाला ते कामचुकार वाटतं. कायद्यात नाव आलं तरी हक्काचे मोठे लाभ ४० टक्के दिव्यांगत्वाच्या दाखल्याशी जोडलेले. दाखल्यासाठी शिबिर हुकलं की नाशिक गाठायचं, म्हणजे आईबापांची मजुरी बुडाली. याच काळात ‘अपंग’ची जागा ‘दिव्यांग’ने घेतली. या नव्या शब्दावर दिव्यांग व्यक्तींच्या संघटनांतही मतभेद आहेत. काहींना तो सन्मानाचा वाटतो, तर काहींना देवाच्या नावाने हक्काचा प्रश्न झाकणारा.

शाळेच्या आधी अंगणवाडी येते, आणि तिथेही हीच कथा आहे. १९७५ साली सुरू झालेल्या योजनेने अंगणवाडी सेविकेला कर्मचारी मानलं नाही. तिला पगार नाही, ‘मानधन’. या एका शब्दावर अर्धशतक वाद चालला. २०२२च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो असं ठरवलं, तो या वादातला सर्वांत मोठा निकाल. २८ नोव्हेंबर २०२३ला केंद्राने दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धती जाहीर केली: उशिरा चालणारी, उशिरा बोलणारी मुलं सेविकेने हेरायची, वर्गात सामावून घ्यायची, पुढे तपासणीला पाठवायची. काम फार मोलाचं, कारण दोन वर्षं लवकर कळलं तर कर्णबधिर मुलाची भाषा वाचते. त्यानंतर आठवडाभरात, ४ डिसेंबरला, राज्यातल्या सेविका मानधनवाढ आणि ग्रॅच्युइटीसाठी संपावर गेल्या. संप ५२ दिवस चालला. ज्या बाईने इतर मुलांबरोबर या मुलांना सामावून घ्यायचं, तिला कुणी सामावून घेतलं नव्हतं.

जिल्ह्याची आणखी एक गोष्ट राज्याच्या परिपत्रकात मावत नाही. एप्रिलमधली खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या आसपासची गोडी छाटणी, दोन्हींच्या वेळी पेठ-सुरगाण्याची कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत उतरतात. मुलं सोबत असतात. नियमाप्रमाणे सलग महिनाभर न आलेलं मूल शाळाबाह्य. त्यासाठी शिक्षण हमी कार्ड आहे, जे दाखवून मूल बागेजवळच्या शाळेत बसू शकतं. पण दिव्यांग मुलाचं कार्ड जातं, त्याचा विशेष शिक्षक जात नाही. म्हणून पुष्कळदा असं मूल आजीपाशी पाड्यावर ठेवलं जातं.

कमी पटाच्या शाळा जवळच्या शाळेत मिसळण्याचा विषय २०१७ पासून सतत डोकं वर काढतो आहे. २०२२ साली इगतपुरी तालुक्यातल्या पाड्यावरची मुलं शाळा वाचवण्यासाठी बकऱ्या घेऊन जिल्हा परिषदेच्या दारात आली होती. दप्तर ठेवून घ्या, बकऱ्या द्या, अशी त्यांची मागणी होती. त्या बातमीत चालत दूर जाऊ शकणाऱ्या मुलांची चर्चा झाली. शाळा दोन किलोमीटर लांब गेली की पहिल्याच दिवशी गळतं ते चालता न येणारं मूल.

विशेष शिक्षकांचा प्रश्न शेवटी न्यायालयातूनच पुढे सरकला. सर्वोच्च न्यायालयाने २०२१च्या ऑक्टोबरमध्ये विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवण्याचा आदेश दिला, आणि त्यानुसार केंद्र सरकारने २०२२ मध्ये प्राथमिकला दहा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक आणि त्यापुढे पंधरांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण जाहीर केलं. २०२४ मध्ये राज्याने प्रत्येक केंद्राला, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाला, एक याप्रमाणे ४,८६० पदं मंजूर केली, आणि कंत्राटी शिक्षकांना सेवेत घेण्याचा रस्ता खुला झाला. २०२५च्या मार्चमध्ये न्यायालयाने सगळ्याच राज्यांना पदं जाहीर करून भरण्याचे आदेश दिले. पंधरा-पंधरा वर्षं तांत्रिक खंड सोसलेल्यांसाठी हे मोठं सुख आहे.

आता पुढचा हिशेब. केंद्र म्हणजे सुमारे दहा-बारा शाळा, डोंगरी तालुक्यात एकमेकींपासून घाटवळणांवर पसरलेल्या. एका शिक्षकाने रोज एक शाळा धरली, तर एका मुलाची पाळी दोन आठवड्यांनी येते, आणि पावसाळ्यात नदीला पूर आला की तीही जाते.